चौऱ्याण्णव

तीनशेचे पैसे भरले, येतात चौऱ्याण्णव.
फरक दोनशे सहा.
अंबडच्या तीन कारखान्यांची खाती लिहिते मी,
सव्वा रुपया जुळला नाही तर घास उतरत नाही,
इथे तर दोनशे सहा.

गांगुर्डेचं नेट सोडून आज अकरावा दिवस.
त्याचं सारखं जायचं.
फोन केला की स्प्लेंडरवर यायचा,
खांबाखाली उभा राहून वायर हिसडायचा
अडून बसलेल्या बैलाची वेसण हिसडावी तशी,
मग वर बघून ओरडायचा, आलं का?
यायचं.

नव्या कंपनीत वर बघणारं कोणी नाही.
एक दाबा, चार दाबा, मग बासरी.
राउटर बंद करून चालू करा, मॅडम.
केला.
फ्रीजपासून लांब नेला, खिडकीत ठेवला,
एक रात्र देव्हाऱ्याशेजारीसुद्धा.

हॉलमध्ये त्यांच्या डब्याला चिकटून बसलं की दोनशे ऐंशी.
मागच्या खोलीत, माझ्या टेबलाशी,
भिंतीतल्या जुन्या वायरीवर चौऱ्याण्णव.
सकाळी चौऱ्याण्णव.
रात्री दीडला, डीजीपी नगर झोपलेलं,
पांडवलेणीच्या अंगानं गार वारा,
तरी चौऱ्याण्णवच.
ताप असा एका आकड्यावर बसत नाही,
चढतो, उतरतो.
हे आजारपण नव्हे. हे कुणीतरी मोजून दिलेलं आहे.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या, गच्चीकडे.
हल्ली रोज वाजतात.
मला वाटलं, उकडत असेल कुणाला.

तिसऱ्या खेपेला यश दराडे आला,
पाठीवर सॅक, कानामागे स्क्रू-ड्रायव्हर.
त्यानं भिंतीतला बोर्ड खोलला, टॉर्च तोंडात धरला
आणि तसाच बोलला:
आठ तारा अशतात मॅडम, तुमच्याकडं चारच.
आणि बाकीच्या?
निळी, तिची पांढरी जोडीदार, तपकिरी, तिची जोडीदार,
एकमेकींना पीळ घालून
पाइपातून वर निघालेल्या.

वर शमीमआपा मन्यार.
मशीन, दोन इस्त्र्या, आणि फोनवर दिवसभर
ब्लाऊजच्या पाठीच्या गळ्यांचे व्हिडिओ.
माझ्या निळ्या पैठणीचा गळा त्यातूनच आला असणार.

गांगुर्डेला फोन लावला. अकरा दिवसांनी, जरा अवघडूनच.
म्हणाला, हां, चार मोकळ्या होत्या ना मॅडम,
तुमचं काय जात नव्हतं.
बिल?
तिला कसलं बिल, माझ्या पोरीचे फ्रॉक शिवते ती.
तुमच्या त्या पोरानं हॉलमधली पिन काढली
तशी तिचीपण गेली.
मग सांगायचं ना मला!
तो थोडा वेळ गप्प. मागे कुठेतरी हॉर्न.
तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? तुम्हीच सोडलेलं.

म्हणजे गच्चीवर त्या मोबाइलचं नेट शोधत जायच्या.
गळा बघायचा, लक्षात ठेवायचा,
खाली येऊन कापायचा.
आणि मी इथे रोज दहा वेळा वेग मोजत बसलेली.

यश पकड उघडून थांबलेला.
या चार काढतो, आठच्या आठ तुम्हाला लावतो,
तीनशे येतील. पाच मिनिटांचं काम.
मी म्हटलं, नवीन वायर?
त्यानं पाइपात बघितलं. जागा नाही, मॅडम, भिंत फोडावी लागेल.

खरं सांगते, मी लगेच नाही बोलले.
महिन्याला आठशे एकोणपन्नास, वर जीएसटी.
एवढा आकडा मी आजवर कुणाला
असाच सोडलेला नाही.

मग हॉलमधल्या डब्याच्या दुसऱ्या भोकात
त्यानं निळ्या-तपकिरीची पिन बसवली.
मी टेबलाशी येऊन परत मोजलं.
चौऱ्याण्णव.

संध्याकाळी आपा खाली आल्या,
गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचा तुकडा,
हातात वाटीभर शिरखुर्मा, ईद नसताना.
दारातूनच म्हणाल्या,
ताई, माझं नेट आलं बघा दुपारी आपोआप.
तुमचं आलं का?